अण्वस्त्रांवर जागतिक बंदी : मोहिमेने काय साधले, काय राहिले आणि पुढे काय मागायचे?

मूळ लेख : मुक्तछंद

अण्वस्त्रे नाहीशी करण्याची मागणी जवळजवळ अण्वस्त्रांइतकीच जुनी आहे. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २४ जानेवारी १९४६ रोजी संमत केलेल्या अगदी पहिल्या ठरावाने अणुशक्तीच्या प्रश्नांसाठी आयोग नेमला आणि राष्ट्रांच्या शस्त्रागारांतून अण्वस्त्रे कशी काढून टाकता येतील याचे प्रस्ताव मांडण्याचे काम त्या आयोगावर सोपवले. ती मागणी कायद्यात उतरायला एकाहत्तर वर्षे लागली. ७ जुलै २०१७ रोजी न्यूयॉर्कमध्ये १२२ देशांनी अण्वस्त्रबंदी कराराच्या बाजूने मत दिले. नेदरलँड्सने विरोध केला आणि सिंगापूर तटस्थ राहिले. २४ ऑक्टोबर २०२० रोजी होंडुरासने पन्नासावे अनुमोदन दिले आणि त्यानंतर नव्वद दिवसांनी, २२ जानेवारी २०२१ रोजी, करार अमलात आला. अण्वस्त्रे विकसित करणे, त्यांची चाचणी घेणे, ती बनवणे, बाळगणे, दुसऱ्याला देणे, आपल्या भूमीवर ठेवू देणे, वापरणे आणि वापरण्याची धमकी देणे हे सारे त्याने सदस्य देशांसाठी निषिद्ध केले आहे.

कराराचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला असतो. ज्या नऊ देशांकडे अण्वस्त्रे आहेत त्यांच्यापैकी एकानेही सही केलेली नाही. मग ज्यांच्याकडे ती नाहीतच त्यांनी घातलेल्या बंदीला अर्थ काय? प्रश्न रास्त आहे आणि तो टाळून ही मोहीम एक पाऊलही पुढे जाऊ शकणार नाही. माझे म्हणणे असे आहे, की एखादा शस्त्रप्रकार जगातून घालवायचा असेल तर बंदी आधी येते आणि शस्त्र मागाहून जाते, आणि या दोहोंच्या मधला काळ मोठा असतो.

रासायनिक अस्त्रांचा इतिहास पाहावा. १९२५ च्या जिनिव्हा प्रोटोकॉलने युद्धात विषारी वायू वापरण्यास मनाई केली, पण साठे बाळगण्यास केली नाही, आणि अनेक देशांनी ‘आमच्यावर वापर झाला तर आम्ही बांधील राहणार नाही’ अशी अट घालूनच तो स्वीकारला. अमेरिकेने त्याला अनुमोदन दिले ते १९७५ साली. साठ्यांवरही बंदी घालणारा करार १९९३ मध्ये सह्यांसाठी खुला झाला, १९९७ मध्ये अमलात आला, आणि अमेरिकेच्या जाहीर साठ्यातले शेवटचे रासायनिक अस्त्र जुलै २०२३ मध्ये नष्ट करण्यात आले. पहिल्या मनाईपासून कोठार रिकामे होईपर्यंत अठ्ठ्याण्णव वर्षे गेली. या काळात इराणी सैनिकांवर, इराकमधील हलब्जातल्या कुर्दांवर आणि सीरियातल्या नागरिकांवर विषारी वायू सोडला गेला, नियम पायदळी तुडवला गेला. तरीही रासायनिक अस्त्रे हा आमच्या सुरक्षेचा कायमचा आधार आहे असे आज कोणतेही सरकार उजळ माथ्याने म्हणू शकत नाही. अण्वस्त्रांविषयी मात्र हेच वाक्य नऊ सरकारे आणि त्यांच्या अण्वस्त्रांच्या संरक्षणावर विसंबलेली आणखी कितीतरी सरकारे दर वर्षी अधिकृत दस्तऐवजांत लिहितात. ते वाक्य लिहिणे अवघड करणे हे मोहिमेचे पहिले काम आहे, असे मी मानते.

हे काम कसे होते याची उदाहरणे मागे आहेत आणि त्यांतली दोन मला सर्वांत बोलकी वाटतात. १ मार्च १९५४ रोजी अमेरिकेने बिकिनी बेटावर १५ मेगाटन क्षमतेचा हायड्रोजन बॉम्ब फोडला. जाहीर केलेल्या धोक्याच्या क्षेत्राबाहेर मासेमारी करणाऱ्या ‘दाइगो फुकुर्यू मारू’ या जपानी नौकेवर पांढरी किरणोत्सर्गी राख पडली. तिच्यावरचे २३ जण आजारी झाले आणि रेडिओचालक आइकिची कुबोयामा यांचा त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये मृत्यू झाला. जपानच्या बाजारांत आलेली मासळी दूषित निघू लागली तेव्हा टोकियोच्या सुगिनामी भागातल्या गृहिणींनी सह्या गोळा करायला सुरुवात केली आणि १९५५ पर्यंत देशभर ३ कोटींहून अधिक सह्या झाल्या. हिरोशिमा-नागासाकीच्या वाचलेल्या माणसांचे, म्हणजे हिबाकुशांचे, म्हणणे तोवर जपानमध्येही फारसे कोणी ऐकत नव्हते. ताब्यात घेणाऱ्या अमेरिकी प्रशासनाने बॉम्बहल्ल्याविषयीच्या लेखनावर १९५२ पर्यंत बंधने घातली होती आणि समाजाने या लोकांना लग्न-नोकरीच्या बाबतीत दूर ठेवले होते. सह्यांच्या त्या लाटेतून त्यांना आवाज मिळाला, १९५६ मध्ये ‘निहोन हिदानक्यो’ ही त्यांची संघटना उभी राहिली आणि २०२४ चे शांततेचे नोबेल पारितोषिक तिला मिळाले.

दुसरे उदाहरण अमेरिकेतल्या सेंट लुईस शहराचे. वातावरणातील अणुस्फोटांतून स्ट्रॉन्शियम-९० हे किरणोत्सर्गी द्रव्य जगभर पसरत होते. रासायनिकदृष्ट्या ते कॅल्शियमसारखे वागते. गवतावर पडते, गाईच्या दुधात उतरते आणि वाढत्या मुलांच्या हाडांत व दातांत जाऊन बसते. डॉ. लुईझ रीस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५८ च्या अखेरीस पालकांना आवाहन केले, की मुलांचे पडलेले दुधाचे दात आम्हाला पाठवा. पुढच्या बारा वर्षांत सुमारे ३ लाख दात जमा झाले. स्फोट वाढत गेले तसे दातांतले स्ट्रॉन्शियमही वाढत गेल्याचे त्यातून दिसले आणि ‘किरणोत्सर्गाचे प्रमाण नगण्य आहे’ हा सरकारी दावा मुलांच्या तोंडातल्या पुराव्यापुढे टिकेना. रसायनशास्त्रज्ञ लायनस पॉलिंग यांनी हजारो वैज्ञानिकांच्या सह्यांचे निवेदन याच सुमारास संयुक्त राष्ट्रांना दिले होते. ५ ऑगस्ट १९६३ रोजी वातावरणातील, पाण्याखालील आणि अवकाशातील चाचण्या थांबवणारा करार मॉस्कोत झाला. त्यामागे १९६२ च्या क्यूबा पेचप्रसंगाची, म्हणजे अमेरिका आणि सोव्हिएत संघ अणुयुद्धाच्या उंबरठ्यावर आल्याची, भीतीही होती हे खरे, पण आयांनी लिफाफ्यांत घालून पाठवलेल्या दातांशिवाय त्या कराराला अमेरिकेत इतका जनाधार मिळाला नसता.

या दोन्ही प्रसंगांत अण्वस्त्रांचा विषय सेनापतींच्या नकाशावरून उतरून माणसाच्या शरीरापाशी आला. २०१३ आणि २०१४ मध्ये ओस्लो, नायारित आणि व्हिएन्ना येथे झालेल्या परिषदांनी हेच केले. तिथे चर्चा कोणाकडे किती अस्त्रे आहेत याची नव्हती; एक अस्त्र एका शहरावर पडले तर काय होते आणि मदतीला कोण जाऊ शकते याची होती. २००७ मध्ये सुरू झालेल्या ‘आयकॅन’ या आंतरराष्ट्रीय मोहिमेने याच धाग्याला धरून सरकारांना वाटाघाटींपर्यंत आणले. मंडळींचे मत, विशेषतः विरोधी मत, सविस्तर वाचायला आवडेल.

प्रतिसाद : धनंजय

लेख अभ्यासपूर्ण आहे आणि त्यामागची कळकळ खरी आहे, म्हणूनच माझे आक्षेप सौम्य न करता मांडतो.

१९४५ नंतर महासत्तांमध्ये थेट महायुद्ध झालेले नाही. याचे सगळे श्रेय अण्वस्त्रांच्या धाकाला देता येणार नाही, परंतु त्याचा वाटाच नव्हता असेही कोणाला सिद्ध करता आलेले नाही. दुसरे, युक्रेन. सोव्हिएत संघ फुटला तेव्हा युक्रेनच्या भूमीवर जगातला तिसऱ्या क्रमांकाचा अण्वस्त्रसाठा होता. ५ डिसेंबर १९९४ च्या बुडापेस्ट निवेदनात रशिया, अमेरिका आणि ब्रिटन यांनी त्याच्या सीमांचा आदर करण्याची हमी दिली, अस्त्रे रशियाकडे गेली, आणि २०१४ व २०२२ मध्ये त्याच रशियाने युक्रेनवर आक्रमण केलेले आपण पाहिले. लिबियाने २००३ मध्ये आपला कार्यक्रम सोडला, उत्तर कोरियाने सोडला नाही. पहिली राजवट उलथली आणि दुसरी टिकली हे प्रत्येक लहान देशाचा संरक्षणमंत्री जाणतो. त्याला दुधाच्या दातांची गोष्ट सांगून काय उपयोग?

तिसरा मुद्दा थेट आपल्या सिद्धांताविषयी आहे. बंदी आधी येते आणि शस्त्र मागाहून जाते, असे आपण म्हणता. भूसुरुंगबंदीचा १९९७ चा ओटावा करार हा तर अशा मोहिमांचा आदर्श मानला जातो. २०२५ मध्ये लिथुआनिया, लाटव्हिया, एस्टोनिया, फिनलंड आणि पोलंड यांनी त्यातून बाहेर पडण्याचा निर्णय घेतला. लिथुआनियाने क्लस्टर बॉम्बवरील बंदीचा करारही सोडला. शेजाऱ्याची भीती वाढली की निषिद्ध ठरलेले शस्त्र पुन्हा आवश्यक वाटू लागते. साध्या सुरुंगांबाबत हे घडत असेल, तर ज्या शस्त्राला राष्ट्राच्या अस्तित्वाचा विमा समजले जाते त्याबाबत काय घडेल?

प्रतिसाद : मुक्तछंद

धनंजय, तीनही मुद्दे वजनदार आहेत, म्हणून एकेक घेते.

धाकाने शांतता राखली असे म्हणताना, तो धाक किती वेळा निव्वळ दैवाने तरला हेही मोजावे लागते. २७ ऑक्टोबर १९६२ रोजी क्यूबाजवळ अमेरिकी नौदलाच्या इशारा-स्फोटांनी वेढलेल्या सोव्हिएत पाणबुडीवर अण्वस्त्रयुक्त पाणतीर होता. तो डागण्यास वासिली आर्खिपोव या अधिकाऱ्याने विरोध केला. २६ सप्टेंबर १९८३ रोजी सोव्हिएत उपग्रहयंत्रणेने अमेरिकी क्षेपणास्त्रे सुटल्याचे दाखवले. ढगांवरून परतलेल्या सूर्यप्रकाशाने यंत्रणा फसली होती आणि तिथले कर्तव्यावरचे अधिकारी स्तानिस्लाव पेत्रोव यांनी स्वतःच्या अंदाजाने ती सूचना खोटी ठरवली. २५ जानेवारी १९९५ रोजी नॉर्वेहून ध्रुवीय प्रकाशाच्या अभ्यासासाठी सोडलेला अग्निबाण क्षेपणास्त्र समजला गेला आणि रशियाचे अध्यक्ष बोरिस येल्तसिन यांच्यासमोर अण्वस्त्रे डागण्याचा आदेश देण्याची पेटी उघडली गेली. ९ मार्च २०२२ रोजी भारताचे एक क्षेपणास्त्र चुकून सुटून पाकिस्तानात जाऊन पडले. त्यावर स्फोटके नव्हती आणि पाकिस्तानने संयम ठेवला. महायुद्ध टळल्याची ऐंशी वर्षे आपण धाकाच्या खात्यावर जमा करतो, तर हे प्रसंगही त्याच खात्यावर लिहायला हवेत. धाक उपयोगी पडायचा असेल तर तो कायम, प्रत्येक देशात, प्रत्येक अधिकाऱ्याच्या हातून बिनचूक चालावा लागतो. मानवनिर्मित कोणत्याही यंत्रणेकडून अशी अपेक्षा आपण दुसऱ्या कोणत्याही क्षेत्रात करत नाही.

शिवाय धाक मर्यादित युद्धही रोखत नाही. १९७३ मध्ये इजिप्त आणि सीरियाने इस्रायलवर, १९८२ मध्ये अर्जेंटिनाने ब्रिटनच्या ताब्यातील फॉकलंड बेटांवर हल्ला केला आणि १९९९ मध्ये कारगिलचे युद्ध दोन अण्वस्त्रधारी देशांत झाले.

युक्रेनबाबत एक तपशील महत्त्वाचा आहे. अस्त्रे युक्रेनच्या भूमीवर होती, पण ती डागण्याचे नियंत्रण मॉस्कोकडे होते. त्यामुळे ‘युक्रेनने स्वतःची ढाल टाकून दिली’ हे चित्र पूर्ण खरे नाही. तिथे मोडली ती हमी. आणि ती मोडणाऱ्या रशियाने, जगाने आपल्याला रोखू नये म्हणून, २०२२ च्या आक्रमणाच्या पहिल्याच आठवड्यात अण्वस्त्रांची धमकी दिली. म्हणजे अण्वस्त्रांनी इथे आक्रमणाला संरक्षण दिले. लहान देशाच्या संरक्षणमंत्र्याने याचाही विचार करावा, असे मला वाटते. जून २०२२ मध्ये व्हिएन्नाच्या पहिल्या बैठकीत बंदी कराराच्या सदस्यांनी ‘उघड असो वा सूचक, कोणत्याही प्रकारच्या अण्वस्त्र-धमकीचा निषेध’ केला. इतका निःसंदिग्ध निषेध अन्य कोणत्याही व्यासपीठावरून आधी आला नव्हता.

भूसुरुंग कराराची गळती ही मोठी हानी आहे आणि मोहिमेतल्या लोकांनी तिच्याकडे डोळेझाक करू नये. मात्र त्या करारामुळे साडेपाच कोटींहून अधिक साठवलेले सुरुंग नष्ट झाले, ते काही परत येत नाहीत. बाहेर पडण्याचा निर्णय त्या देशांना संसदेत मांडून, कारणे देऊन, टीका सोसून घ्यावा लागला. कराराआधी सुरुंग पेरण्याचे समर्थन कोणी मागतही नव्हते.

प्रतिसाद : आरोग्यमित्र

मी वैद्यकीय क्षेत्रात असल्याने चर्चेच्या वैद्यकीय अंगाविषयी लिहितो.

हिरोशिमात ६ ऑगस्ट १९४५ रोजी आणि नागासाकीत ९ ऑगस्ट रोजी बॉम्ब पडले. वर्षअखेरपर्यंत हिरोशिमात सुमारे १ लाख ४० हजार आणि नागासाकीत सुमारे ७४ हजार माणसे मेली असा अंदाज आहे. हिरोशिमातले बहुतेक डॉक्टर आणि परिचारिका पहिल्याच दिवशी मृत वा जखमी झाल्या होत्या. ज्यांच्या अंगावर साधी जखमही नव्हती अशा माणसांचे केस काही आठवड्यांनी गळू लागले, हिरड्यांतून रक्त येऊ लागले आणि ती दगावली. उपचार करणाऱ्यांना कारण कळत नव्हते. रक्ताच्या कर्करोगाची लाट पुढच्या काही वर्षांत आली आणि इतर अवयवांचे कर्करोग कित्येक दशके येत राहिले. बॉम्ब पडला तेव्हा दोन वर्षांची असलेली सादाको सासाकी १९५५ मध्ये बाराव्या वर्षी रक्ताच्या कर्करोगाने गेली.

गंभीर भाजलेल्या एका रुग्णाला स्वतंत्र खोली, त्वचारोपण, रक्तद्रव्ये आणि आठवडेच्या आठवडे अतिदक्षता लागते. कितीही श्रीमंत देश असला तरी अशा रुग्णांसाठी सज्ज असलेल्या खाटा थोड्याच असतात. एका शहरात एका क्षणी हजारो असे रुग्ण झाले, वीज, पाणी आणि रस्ते संपले, आणि किरणोत्सर्गामुळे मदतपथकालाच आत जाता येईना, तर वैद्यकशास्त्राकडे उत्तर नाही. आंतरराष्ट्रीय रेडक्रॉस समितीने हेच स्पष्ट शब्दांत सांगितले आहे, की अशा प्रसंगी पुरेशी मदत करण्याची क्षमता जगात कोणाकडेच नाही. तिचे प्रतिनिधी मार्सेल जुनो सप्टेंबर १९४५ मध्ये हिरोशिमात पोहोचले होते, त्यामुळे हे मत पाहिलेल्या गोष्टींवर उभे आहे. उपचार शक्य नसेल तिथे प्रतिबंध एवढाच मार्ग उरतो. अमेरिकेचे बर्नार्ड लाऊन आणि सोव्हिएत संघाचे येवगेनी चाझोव या दोन हृदयरोगतज्ज्ञांनी १९८० मध्ये डॉक्टरांची आंतरराष्ट्रीय संघटना याच भूमिकेवर उभी केली, तिला १९८५ चे शांततेचे नोबेल मिळाले, आणि ‘आयकॅन’ची कल्पनाही तिच्यातूनच पुढे आली.

दुष्काळाविषयीही सांगायला हवे, कारण त्यावर कमी बोलले जाते. ‘नेचर फूड’ या नियतकालिकात २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, जळत्या शहरांची काजळी वातावरणाच्या वरच्या थरात जाऊन सूर्यप्रकाश अडवेल आणि पिके बुडतील. भारत आणि पाकिस्तान यांच्यातल्या अणुयुद्धानंतर जगभर २०० कोटींहून अधिक, तर अमेरिका आणि रशिया यांच्यातल्या युद्धानंतर ५०० कोटींहून अधिक माणसे उपासमारीने मरू शकतील, असा त्यांचा अंदाज आहे. हे अंदाज संगणकीय प्रारूपांवर आधारलेले आहेत आणि किती काजळी उठेल यावर मतभेद आहेत. तरीही या मृतांपैकी बहुसंख्य माणसे अशा देशांतली असतील ज्यांचा त्या युद्धाशी काडीचाही संबंध नसेल. बंदीची मागणी अण्वस्त्रे नसलेले देश का करतात, याचे उत्तर मला इथे मिळते.

प्रतिसाद : शोधक

उद्या सगळ्यांनी सही केली असे गृहीत धरू. कोणी दहा अस्त्रे तळघरात लपवून ठेवली तर कळणार कसे? मोहिमेच्या साहित्यात याचे उत्तर क्वचितच सापडते.

प्रतिसाद : ऋजुता

शोधक यांचा प्रश्न कराराच्या चौथ्या कलमात येतो. अण्वस्त्रधारी देशाला दोन मार्ग आहेत : आधी अस्त्रे नष्ट करून मग सदस्य होणे, किंवा आधी सदस्य होऊन, अस्त्रे तत्काळ वापराच्या सज्जतेतून काढून, ठरवलेल्या मुदतीत आणि तपासणीखाली ती नष्ट करणे. ही मुदत व्हिएन्नाच्या बैठकीने दहा वर्षांची ठरवली. दुसऱ्या देशाची अस्त्रे आपल्या भूमीवर असतील तर ती काढण्यासाठी नव्वद दिवस.

पहिल्या मार्गाचे जिवंत उदाहरण दक्षिण आफ्रिका आहे. तिने सहा अस्त्रे बनवली होती, ती गुपचूप मोडली, १९९१ मध्ये अण्वस्त्र प्रसारबंदी करार स्वीकारला आणि मार्च १९९३ मध्ये अध्यक्ष डी क्लर्क यांनी हे संसदेत सांगितले. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या निरीक्षकांनी किती युरेनियम समृद्ध केले आणि किती उरले याचा हिशेब जुन्या नोंदींवरून जुळवून पाहिला. चाचण्यांबाबत तर जगाकडे आज उत्तम यंत्रणा आहे. सर्वंकष चाचणीबंदी करार अजून अमलात आलेला नसला, तरी त्याच्या जगभर पसरलेल्या केंद्रांनी उत्तर कोरियाच्या सहाही चाचण्या टिपल्या. खरी अडचण साठवलेल्या अस्त्रांची आहे. बॉम्बची रचना उघड न करता तो खरा आहे की बनावट हे निरीक्षकाला कसे पटवायचे, यावर अमेरिका, ब्रिटन आणि नॉर्वे यांच्या वैज्ञानिकांनी काम केले आहे, पण ते अपुरे आहे. बंदी करारही तपासणीसाठी ‘सक्षम आंतरराष्ट्रीय प्राधिकरण’ नेमण्याचे काम पुढे ढकलतो. ही त्याची कमकुवत बाजू आहे आणि मोहिमेने घोषणांइतकाच जोर या तांत्रिक कामासाठी निधी मागण्यावर लावला पाहिजे.

आता कायद्याविषयी. अण्वस्त्र प्रसारबंदी करार १९७० मध्ये अमलात आला. त्याच्या सहाव्या कलमाने पाच मान्यताप्राप्त अण्वस्त्रधारी देशांसह सर्व सदस्यांवर निःशस्त्रीकरणाच्या वाटाघाटी प्रामाणिकपणे करण्याचे बंधन घातले. ८ जुलै १९९६ च्या सल्लामतात आंतरराष्ट्रीय न्यायालयाने म्हटले, की अशा वाटाघाटी नुसत्या करायच्या नाहीत, त्या शेवटाला न्यायच्या आहेत. हे मत मिळवण्यामागेही नागरिकांची चळवळ होती. जगातल्या अस्त्रांची संख्या १९८० च्या दशकाच्या मध्यावर सुमारे ७० हजार होती आणि आज ती १२ हजारांच्या आसपास आहे, ही घट मोठी आहे. पण आता ती थांबत चालली आहे. मध्यम पल्ल्याच्या क्षेपणास्त्रांचा १९८७ चा करार २०१९ मध्ये संपला आणि अमेरिका व रशियाच्या अण्वस्त्रांवर मर्यादा घालणाऱ्या ‘न्यू स्टार्ट’ कराराची मुदत ५ फेब्रुवारी २०२६ पर्यंतच होती. १९७० च्या त्या वचनाची वाट पाहून थकलेल्या देशांनी बंदी करार केला.

भारताची भूमिका या चर्चेत वगळता येणार नाही. २ एप्रिल १९५४ रोजी, बिकिनीच्या स्फोटानंतर महिनाभरात, पंडित नेहरूंनी लोकसभेत चाचण्या जागच्या जागी थांबवण्याची मागणी केली. ९ जून १९८८ रोजी राजीव गांधींनी आमसभेपुढे २०१० पर्यंत टप्प्याटप्प्याने सर्व अण्वस्त्रे नष्ट करण्याची योजना ठेवली. दहा वर्षांनी पोखरणच्या चाचण्या झाल्या आणि २०१७ च्या वाटाघाटींना भारत गेला नाही. तरीही ‘प्रथम वापर नाही’ हे भारताचे जाहीर धोरण आहे आणि चीनने तर १९६४ पासून तसे म्हटले आहे. अण्वस्त्रधारी देशांतल्या कार्यकर्त्यांनी ‘उद्या सही करा’ एवढेच म्हणत राहण्यापेक्षा दोन पुढच्या पायऱ्या मागाव्यात असे मला वाटते : प्रथम वापर न करण्याचे वचन सर्व नऊ देशांवर बंधनकारक करणारा करार, आणि बंदी कराराच्या बैठकांना निरीक्षक म्हणून हजेरी. जर्मनी, नॉर्वे, नेदरलँड्स आणि बेल्जियम हे नाटोचे सदस्य असूनही व्हिएन्नाला निरीक्षक म्हणून गेले होते.

प्रतिसाद : मुक्तछंद

ऋजुता यांच्या पहिल्या सूचनेशी सहमत आहे, एका काळजीसह. ‘प्रथम वापर नाही’ हे मुक्कामाचे ठिकाण होऊन बसण्याचा धोका आहे. वाटेतली पायरी म्हणून ती जरूर मागावी.

आरोग्यमित्र यांच्या प्रतिसादाला जोडून बंदी कराराच्या सहाव्या आणि सातव्या कलमाकडे लक्ष वेधते, कारण कराराचा हा भाग आजच, कोणत्याही अण्वस्त्रधारी देशाच्या सहीविना, कामाला लागू शकतो. वापर आणि चाचण्या यांनी बाधित झालेल्या माणसांना वैद्यकीय, मानसिक आणि आर्थिक साहाय्य करणे आणि दूषित भूमी सुधारणे हे सदस्यांचे कर्तव्य ठरले आहे. कझाकस्तानातल्या सेमिपलातिन्स्क येथे सोव्हिएत संघाने चाळीस वर्षांत ४५६ चाचण्या केल्या. फेब्रुवारी १९८९ मध्ये कवी ओल्झास सुलेमेनोव यांनी दूरचित्रवाणीवर काव्यवाचन बाजूला ठेवून किरणोत्सर्गाच्या गळतीविषयी निवेदन केले, त्यातून ‘नेवाडा-सेमिपलातिन्स्क’ चळवळ उभी राहिली, त्याच वर्षी ऑक्टोबरनंतर तिथे एकही चाचणी झाली नाही आणि २९ ऑगस्ट १९९१ रोजी ते मैदान बंद झाले. आज तोच कझाकस्तान आणि ब्रिटिश व अमेरिकी चाचण्या सोसलेला किरिबाती हे दोघे मिळून बाधितांच्या साहाय्यासाठी आंतरराष्ट्रीय निधी उभारण्याचा आग्रह धरत आहेत. मार्शल बेटांवर ६७ चाचण्या झाल्या; तिथली रोंगेलापची माणसे आजही आपल्या बेटावर निर्धास्तपणे नांदू शकत नाहीत. हा निधी प्रत्यक्षात आला तर बंदी म्हणजे निव्वळ घोषणा नाही हे सर्वांत आधी या लोकांना दिसेल.

सामान्य माणसाच्या हाती काय आहे, असे मला खरडवहीत दोघांनी विचारले, त्यांच्यासाठी : पैशाचा मार्ग तपासा. अण्वस्त्रे बनवणाऱ्या कंपन्यांत बँका, विमा कंपन्या आणि निवृत्तिवेतन निधी यांचे पैसे असतात. नेदरलँड्सच्या ‘एबीपी’ या प्रचंड निवृत्तिवेतन निधीने जानेवारी २०१८ मध्ये, करार संमत झाल्यानंतर काही महिन्यांतच, अशा गुंतवणुकी काढून घेण्याचे जाहीर केले, आणि तेही ज्या देशाने करारावर एकमेव विरोधी मत दिले होते त्या देशात. आपल्या बँकेला किंवा निधीला लेखी प्रश्न विचारणे आणि लेखी उत्तर मागणे याला फार वेळ लागत नाही. दुसरा मार्ग शहरांचा. हिरोशिमाच्या महापौरांच्या पुढाकाराने १९८२ मध्ये सुरू झालेल्या शांततावादी महापौरांच्या संघटनेत आज ८ हजारांहून अधिक शहरे आहेत. आपल्या नगरसेवकाकडून बंदी कराराच्या समर्थनाचा ठराव मांडून घेता येतो.

प्रतिसाद : धनंजय

सविस्तर उत्तरांबद्दल आभारी आहे. शेजारी अण्वस्त्रधारी असताना एकट्या देशाने अस्त्रे सोडावीत हे मला आजही पटलेले नाही आणि पटेल असे वाटतही नाही. परंतु दोन गोष्टींवर माझे मत बदलले आहे. चाचणीबाधितांच्या निधीला विरोध करण्यासारखे काही आहे असे मला दिसत नाही. अण्वस्त्रे आवश्यक मानणाऱ्यांनी तर त्यांची किंमत चुकवलेल्या माणसांचे देणे आधी द्यायला हवे. आणि अस्त्रे काही मिनिटांत डागण्याच्या सज्जतेत ठेवू नयेत या मागणीत मी तुमच्यासोबत उभा राहू शकतो, कारण त्याने धाक कमी होत नाही आणि पेत्रोवसारख्या प्रसंगात विचाराला वेळ मिळतो.

प्रतिसाद : मुक्तछंद

धनंजय, या दोन मुद्द्यांवर एकमत होणे मोलाचे आहे. बंदी कराराची पहिली आढावा परिषद २०२६ च्या अखेरीस न्यूयॉर्कमध्ये होणार आहे. हयात हिबाकुशांची संख्या २०२५ च्या मार्चअखेर १ लाखाच्या खाली आली आणि त्यांचे सरासरी वय ८६ आहे. त्यांच्यातले जे अजून प्रवास करू शकतात ते तिथे बोलतील तेव्हा बाधितांचा निधी नियमांसह उभा राहिलेला असावा, या मागणीचे निवेदन मराठीत तयार करून परराष्ट्र मंत्रालयाला आणि खासदारांना पाठवावे असा प्रस्ताव ठेवते. त्यात निधी, सज्जता कमी करणे आणि निरीक्षक म्हणून हजेरी एवढ्या तीनच मागण्या असाव्यात. ऋजुता यांनी कायद्याचा आणि आरोग्यमित्र यांनी वैद्यकीय भाग लिहावा, शोधक यांनी तपासणीसंबंधीचे प्रश्न जोडावेत, आणि धनंजय यांनी त्यावर सर्वांत कठोर टीका करावी, म्हणजे कच्चे दुवे पाठवण्याआधीच सापडतील. पहिला मसुदा याच धाग्यावर टाकते.